कॅप्चर बंद तर प्लांट बंद : कोकणातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्या आमदार-खासदारांना,

सप्रेम नमस्कार.

पक्ष कुठला ते बाजूला ठेवून सगळ्यांना एकत्रच लिहितोय, कारण समुद्र सगळ्यांच्याच मतदारसंघाला लागून आहे आणि हा विषय उद्या ना परवा तुमच्या टेबलावर येणारच आहे. कार्बन कॅप्चर. म्हणजे कारखान्याच्या, पॉवर प्लांटच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून त्याचा जवळजवळ द्रव करायचा आणि जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली किलोमीटरभर खोल खडकात कायमचा सोडून द्यायचा. नीती आयोगाने २०२२ मध्ये यावर मोठा रिपोर्ट काढला, २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टनांची क्षमता उभी करायची असं त्यात लिहिलंय. आपल्या समुद्रात अजून असा प्रोजेक्ट चालू नाही, पण मुंबई हायची, वसईची तेल-वायूची जुनी क्षेत्रं याच किनाऱ्यासमोर आहेत, डोलवीला देशातल्या मोठ्या स्टील प्लांटपैकी एक आहे, जयगडला कोळशाचा पॉवर प्लांट आहे, रिफायनरीचा विषय नाणार झालं, बारसू झालं तरी संपलेला नाही. तेव्हा हे कोकणात येणार नाही असं समजून कोणी बसू नये.

मी आयुष्यभर बॉयलर आणि स्क्रबरवर काम केलेला माणूस आहे, लोट्याच्या एमआयडीसीत. इंजिनीअर नाही, ऑपरेटर. पण धुरातून गॅस धुऊन काढणं हे काम मी हाताने केलंय म्हणून या विषयावर थोडं अधिकाराने बोलतो. आणि सुरुवातीलाच सांगतो की मी कार्बन कॅप्चरच्या विरोधात नाही. काही ठिकाणी त्याच्याशिवाय पर्याय नाही हे मला पटलेलं आहे. माझं म्हणणं एकच आहे, की ज्या प्लांटला कॅप्चरच्या नावावर परवानगी द्याल त्याच्या परवानगीतच लिहा, कॅप्चर बंद तर प्लांट बंद. हे जर लिहिता येत नसेल तर ती परवानगी देऊ नका.

एवढं ताणून का बोलतोय ते सांगतो.

स्क्रबर म्हणजे काय, एक उंच टॉवर असतो, खालून आम्लाचा गॅस वर जातो आणि वरून कॉस्टिकचं पाणी शॉवरसारखं पडतं, गॅस त्या पाण्यात उतरतो आणि चिमणीतून जे बाहेर जातं ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं. मशीन चांगलं आहे, काम करतं, मी बघितलंय. पण पंपाला वीज लागते, कॉस्टिकला पैसे लागतात आणि त्यातून कंपनीला एक रुपया मिळत नाही. मग रात्रपाळीला काय व्हायचं? सर्क्युलेशन पंप बंद. मोटरवर हात ठेवला तर गार. आणि लॉगशीटवर मात्र दर तासाला पीएच ९, पीएच ९, पीएच ९ (म्हणजे पाण्यात कॉस्टिक पुरेसं आहे), एकाच पेनाने एकाच दमात खालपर्यंत लिहिलेलं. सकाळी साहेब सही करायचे. पाहणीला कोणी येणार असलं की आदल्या दिवशी आम्हाला कळायचं आणि त्या दिवशी पंप चालू, टॉवर धुऊन पुसून स्वच्छ. खाडीकाठच्या वाडीतली माणसं सांगायची पहाटे डोळे चुरचुरतात म्हणून, आणि कंपनी त्यांना लॉगशीट दाखवायची.

आता विचार करा, तो पंप किती छोटा होता. कार्बन कॅप्चरचं काम त्याच जातीचं आहे पण आकार कुठच्या कुठे. धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या केमिकलच्या द्रावणात शोषून घ्यायचा, मग ते द्रावण साधारण १२० डिग्रीला वाफेने तापवायचं की गॅस सुटतो, तो सुकवायचा, दाबायचा, पाइपने न्यायचा आणि द्रावण गार करून परत टॉवरला. हे रात्रंदिवस. ती वाफ येते कुठून, तर त्याच बॉयलरमधून, जी खरं तर टर्बाइन फिरवायला होती. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फक्त १२-१४ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, त्यामुळे अख्खा धूर हाताळावा लागतो. म्हणून कोळशाच्या प्लांटची २० ते ३० टक्के ऊर्जा नुसती कॅप्चरमध्येच जाते. जयगडला ३०० मेगावॅटची चार युनिटं आहेत. म्हणजे त्यातलं जवळजवळ एक अख्खं युनिट बाकीच्यांचा धूर धुवायला लागेल. कोळसा तेवढाच, राख तेवढीच, खाडीतलं कोळशाचं जहाज तेवढंच आणि वीज पाऊणपट. रात्री तीन वाजता ग्रिडला विजेचा भाव चांगला मिळतोय आणि हातात एक व्हॉल्व आहे जो फिरवला की ७०-८० मेगावॅट वाढतात, तर तो व्हॉल्व कोण फिरवणार नाही? माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, पण त्या व्हॉल्ववर दुसऱ्या बाजूने काहीतरी जड ठेवावं लागतं.

आणि हे मी नुसतं मनातलं सांगत नाहीये, जगात असंच झालंय. टेक्सासमध्ये पेट्रा नोव्हा म्हणून कोळशाच्या प्लांटला जोडलेलं कॅप्चर होतं, २०१७ ला चालू झालं, पकडलेला गॅस तेलाच्या विहिरीत ढकलून उरलेलं तेल वर काढायचे आणि त्यावर खर्च निघायचा. २०२० मध्ये तेलाचा भाव पडला, कॅप्चर बंद. कोळशाचा प्लांट? तो चालूच राहिला. कॅप्चर परत चालू झालं २०२३ ला. कॅनडात बाउंड्री डॅम नावाच्या कोळशाच्या प्लांटला २०१४ पासून कॅप्चर आहे, ९० टक्के पकडू म्हणाले होते, प्रत्यक्षात बरंच कमी भरलं. ऑस्ट्रेलियात बॅरो बेटावर गॉर्गन नावाचा गॅस प्रोजेक्ट आहे, त्याला परवानगी देतानाच अट होती की गॅससोबत वर येणारा कार्बन परत खाली पुरायचा. गॅसची निर्यात २०१६ ला चालू झाली. पुरणं चालू झालं ऑगस्ट २०१९ ला. तीन वर्षं गॅस विकला आणि कार्बन हवेत सोडला, परवानगीत अट असूनसुद्धा! आणि नंतरही वर्षाला ४० लाख टन पुरू म्हणालेले, पुढे त्याच्या निम्म्याच्याही खाली गेले, खडकातलं पाणी काढून दाब कमी करायच्या विहिरी वाळूने चोंदल्या वगैरे. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, तिथे हे झालं.

बरं, चाललेलं उदाहरण नाही का? आहे, आणि ते नीट बघण्यासारखं आहे. नॉर्वेत स्लाइपनर म्हणून समुद्रातलं गॅसचं क्षेत्र आहे, तिथे १९९६ पासून वर्षाला साधारण १० लाख टनांच्या आसपास कार्बन समुद्रतळाखाली वाळूच्या दगडात सोडतायत, आणि वरून भूकंपलहरींनी फोटो काढल्यासारखं बघतात तर तो तिथेच आहे. का चाललं? एक म्हणजे त्यांना तो गॅस विकण्यासाठी कार्बन वेगळा करावाच लागत होता, म्हणजे धूर धुवायचा खर्चच नाही. आणि दुसरं, खरं कारण, नॉर्वेने १९९१ मध्येच समुद्रातल्या तेल-गॅसवाल्यांवर कार्बन टॅक्स बसवला होता. हवेत सोडला की दर टनाला पैसे. पुरणं स्वस्त पडलं म्हणून पुरलं. तिकडची कंपनी जास्त सज्जन आहे म्हणून नाही.

पण आकडा लक्षात घ्या. जयगडचा १२०० मेगावॅट ७० टक्के लोडला धरला तर माझ्या हिशोबाने वर्षाला ६०-६५ लाख टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे स्लाइपनरसारख्या सहा जागा एका जयगडला. सगळ्या जगात मिळून आज कॅप्चरची क्षमता ५ कोटी टनांच्या आसपास आहे आणि जग ऊर्जेसाठी वर्षाला सोडतं ३,७०० कोटी टन. म्हणून कोणी स्टेजवरून सांगायला लागलं की कोळसा चालू ठेवू, कार्बन पकडू, काळजी नको, तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. विजेसाठी आज सोलर आहे, वारा आहे, पाणी वर चढवून रात्री सोडायची व्यवस्था सह्याद्रीत होऊ शकते, घाटघरला आहेच. वीज दुसऱ्या मार्गाने बनते. तिथे कॅप्चरवर पैसा घालवायची गरज नाही.

मग गरज कुठे आहे? आपल्या जुन्या माणसांनी चुन्याच्या भट्ट्या बघितल्यात, शिंपले गोळा करून भाजायचे आणि त्याचा चुना घराला, पानाला. भट्टीत लाकूड जळायचं त्याचा धूर वेगळा, पण शिंपला भाजताना शिंपल्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, तो निघाल्याशिवाय चुना होतच नाही. सिमेंटचं तेच आहे, चुनखडी भाजायची. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी साधारण ६० टक्के हा दगडातून येतो, इंधनातून नाही. भट्टी सोलरवर चालवा नाहीतर कशावरही चालवा, तो निघणारच. तिथे पकडण्याशिवाय दुसरा मार्ग आज तरी मोठ्या प्रमाणात नाही. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ ला कॅप्चर चालू झालं, वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचा अर्धा कार्बन, आणि तो जहाजाने नेऊन समुद्राखाली २६०० मीटरवर सोडतात. याला मी मनापासून चांगलं म्हणतो. स्टीलचंही थोडं तसंच आहे, ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक नुसता उष्णतेला नसतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला असतो, टनभर स्टीलला दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. हायड्रोजनने करता येतं पण ते स्वस्त व्हायला वेळ आहे. म्हणून कोकणात कॅप्चर आणायचंच असेल तर पहिलं डोलवीला आणा. जो प्लांट आहे, ज्याची माणसं आपल्याच पेण-अलिबागची आहेत, ज्याला दुसरा मार्ग अवघड आहे. त्याची जबाबदारी म्हणून आणा. नवीन रिफायनरी किंवा नवीन कोळशाचा प्लांट गळी उतरवायला त्याच्या फाइलला चिकटवलेला कागद म्हणून नको.

पकडून वापरायचं म्हणतात त्याबद्दल थोडक्यात. रेवदंड्याच्या पुलापलीकडे साळावच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात दिवसाला १०० टनांचं कॅप्चर आहे, शुद्ध करून कोल्ड्रिंकवाल्यांना देतात. चांगलं आहे, पण बाटली उघडली की तो गॅस परत हवेत. त्याला साठवण म्हणून मोजू नका. आणि तेल जास्त काढायला कार्बन वापरला तर त्या वाढीव तेलाचा धूर पण त्याच वहीत लिहा.

आता साठवायचं कुठे. इथे मला दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलायचंय. आपल्याकडे काही जण म्हणतात समुद्राखाली गॅस सोडला तर सगळे मासे मरतील, बुडबुडे येतील, स्फोट होईल. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, स्फोटाचा प्रश्न नाही. ८०० मीटरच्या खाली दाबामुळे तो द्रवासारखा दाट राहतो, वर अभेद्य खडकाचं झाकण असलं तर तिथेच बसतो, हळूहळू खाऱ्या पाण्यात विरघळतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने, आयपीसीसीने, २००५ मध्येच म्हटलंय की नीट निवडलेल्या, नीट सांभाळलेल्या जागेत १०० वर्षांनंतरही ९९ टक्क्यांच्या वर आत राहण्याची दाट शक्यता आहे. हे खरं मानून चाला. पण त्या वाक्यात नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या असं आहे. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ पासून तेल काढतोय, तेव्हापासून तिथे शेकडो विहिरी खोदल्या गेल्या. प्रत्येक जुनी विहीर म्हणजे त्या झाकणाला पाडलेलं भोक आहे, त्यातलं सिमेंट कसं आहे, पाइप किती गंजलाय हे एकेक करून तपासल्याशिवाय तिथे गॅस सोडायचा विचारसुद्धा करू नये. ती यादी जाहीर झाली पाहिजे, विहिरीगणिक. अल्जीरियात इन सालाह नावाच्या ठिकाणी झाकणाच्या खडकाबद्दल शंका आली म्हणून २०११ ला गॅस सोडणं थांबवावं लागलं. थांबवलं हे चांगलं केलं, पण मोजत होते म्हणून कळलं.

आणि एक नवीन टूम आहे, आपल्या काळ्या कातळात सोडायचा. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के दगड झाला, २०१६ ला त्याचा अभ्यास छापून आला. ऐकायला फार छान वाटतं आणि आपल्याकडे तर सगळा दख्खनचा बेसाल्टच. पण आइसलँडचा खडक तरुण आहे, पोकळ आहे. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. इथे विहीर खणताना दगडाच्या पोकळ्यांत त्या पांढऱ्या चमकणाऱ्या गारगोट्या निघतात ना, त्या पोकळ्या आधीच खनिजांनी भरलेल्या आहेत म्हणून निघतात. मग गॅसला जागा किती हे ड्रिलिंग केल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय त्या पद्धतीत एक टन गॅसला साधारण २५ टन पाणी लागतं. जिथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो तिथे हे पाणी कुठून आणणार? आणि घाटावर कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आधीच्या पिढीला पाठ आहे, धरणाच्या पाण्याच्या दाबाने तिथली भूगर्भातली भेग हलते हे जगाने मान्य केलंय. तिथल्या आसपास खडकात दाबाने काहीही सोडायचं असेल तर आधी वर्षानुवर्षं अभ्यास. आयआयटी मुंबईत कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांना पैसे द्या, छोटं ड्रिलिंग करू द्या, मोजू द्या. अभ्यासाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पाइपलाइनबद्दल मात्र मी घाबरतो, आणि घाबरायला कारण आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात साटार्शिया नावाचं छोटं गाव आहे. २२ फेब्रुवारी २०२० ला तिथे कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. कशाने फुटली? खूप पाऊस झाला, टेकडीची माती सरकली, पाइप तुटला. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, तो ढगासारखा उताराने गावात उतरला. गाड्यांची इंजिनं बंद पडली कारण इंजिनला ऑक्सिजन मिळेना, माणसं गाडीतच बेशुद्ध. ४५ जणांना हॉस्पिटलला न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोकांना घरं सोडायला लावली, नशीब कोणी गेलं नाही. आता सांगा, पाऊस, टेकडी, सरकलेली माती, खाली खोलगट जागेत गाव, हे वर्णन ऐकून तुमच्या डोळ्यासमोर कुठली वाडी येते? माझ्या डोळ्यासमोर तळिये आणि इर्शाळवाडी येते. २०२१ आणि २०२३, दोन्ही जुलैतच, दोन्ही रायगडातच. तेव्हा डोंगरातून, वाड्यांच्या वरून अशी पाइपलाइन न्यायचीच नाही. न्यायचं तर कारखान्याच्या जेटीवरून जहाजाने, नाहीतर थेट समुद्रातून, आणि ज्या गावाजवळून जाईल तिथे मीटर, भोंगा आणि ऑक्सिजनचे सिलिंडर आधी, पाइप नंतर.

समुद्रातून म्हटलं की आमच्या तांडेलांचं काय. माझा चुलतभाऊ हर्णैला बोट लावतो. जून-जुलै बंदी, मग नारळीपौर्णिमा, मग वादळं, निसर्ग झालं, तौक्ते झालं, ऑक्टोबरमध्ये क्यार झालं, वर्षातले हाताशी दिवस उरतात किती. गॅस खाली बसलाय का हे बघायला दर काही वर्षांनी समुद्रात सर्व्हेची जहाजं फिरवावी लागतात, मागे किलोमीटर-किलोमीटर केबल, आणि ही जहाजं पावसाळ्यात येत नाहीत, मासेमारीच्या दिवसातच येतात. सर्व्हे आला की बोटी बाजूला. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर आत जायचं नाही. हे एक-दोन वर्षांचं नाही, गॅस जितकी वर्षं खाली राहणार तितकी वर्षं हे चालणार. म्हणून भरपाईचा दर, कुठल्या महिन्यात सर्व्हे, कुठल्या बंदराला आधी किती दिवस कळवणार, हे सगळं सोसायट्यांसोबत बसून लिहून घ्या. नंतर तहसीलदाराकडे अर्ज करत फिरायची पाळी आणू नका, त्या फेऱ्यांमध्ये खलाशाचा हंगाम जातो.

आणि जबाबदारी कोणाची? गॅस हजार वर्षं खाली ठेवायचाय, कंपनी किती वर्षं राहील? मी दाभोळ खाडीकाठी राहतो, समोर अंजनवेलला एन्रॉन आलं तेव्हा आम्हाला काय काय ऐकवलं होतं. २००१ च्या डिसेंबरात ती कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, त्याच्या आधीच इथला प्लांट बंद पडलेला, आणि पुढे सरकारी कंपन्यांना तो ताब्यात घेऊन चालवावा लागला. तो तर लोखंडाचा प्लांट होता, दिसत होता, कुलूप लावता आलं. खडकात सोडलेल्या गॅसला कुलूप लावता येत नाही. युरोपने २००९ मध्ये यावर कायदा केला, साठवण बंद केल्यावरसुद्धा साधारणपणे किमान २० वर्षं कंपनीचीच जबाबदारी, पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे, मगच सरकार ताबा घेणार. अमेरिकेत गॅस सोडणं थांबल्यावर ५० वर्षं लक्ष ठेवायचा नियम आहे. आपल्याकडे अशा साठवणीसाठी वेगळा कायदाच नाही. खासदारांनो, हे काम तुमचं आहे, दिल्लीचं आहे. कायदा आधी, पहिली विहीर नंतर.

तुम्ही म्हणाल, एवढ्या अटी घातल्या तर कोणी येणारच नाही आणि अशा अटी पाळल्या कुठे जातात. पाळल्या गेल्यात, आणि कोकणातच गेल्यात. डहाणू. तिथला ५०० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट १९९५ च्या सुमाराला चालू झाला, चिकूच्या बागांच्या मधोमध. धुरातलं गंधक काढायचं यंत्र बसवायचं असं परवानगीत होतं, आणि ते टाळायचा बराच प्रयत्न झाला. पण १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांनी १९९९ ला यंत्र बसवायचा आदेश दिला, तरी होईना तेव्हा २००५ मध्ये कंपनीला ३०० कोटींची बँक गॅरंटी द्यायला लावली. मग बसलं! २००७ मध्ये यंत्र चालू झालं. देशात तेव्हा अशी यंत्रं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी होती. बाकी देशात काय झालं ते पण बघा, २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने सगळ्या कोळशाच्या प्लांटला गंधकाचे नियम लावले, दोन वर्षांची मुदत दिली, मग ती वाढवली, परत वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त प्लांटना त्यातून सूटच दिली. गंधक काढणं हे कार्बन पकडण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त आहे. दहा वर्षांत ते झालं नाही आणि आता कार्बन पकडू म्हणतात, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? डहाणूत काय वेगळं होतं? ३०० कोटी दुसऱ्याच्या हातात होते, आणि तालुक्याचं स्वतःचं प्राधिकरण होतं ज्याला मुंबई-दिल्लीची वाट बघायची गरज नव्हती.

तेच मागतोय. कोकणात कार्बन कॅप्चरचा कुठलाही प्रोजेक्ट येईल त्याला डहाणूची पद्धत लावा. निवृत्त न्यायमूर्ती, एक भूगर्भवाला, एक केमिकलवाला, मच्छीमार सोसायटीचे आणि ग्रामपंचायतीचे लोक, असं प्राधिकरण, ज्याला प्लांट थांबवायचा अधिकार आहे. बँक गॅरंटी पाया खोदायच्या आधी. पकडलेल्या टनांचं मीटर, चिमणीतल्या गॅसचं मीटर, विहिरीतल्या दाबाचं मीटर, तिन्ही थेट इंटरनेटवर, ऑपरेटरच्या हाताने भरायचं लॉगशीट नको म्हणजे नकोच, आणि तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर त्याच दिवशी प्राधिकरणाला मेसेज. कॅप्चर दुरुस्तीला बंद ठेवायचं तर वर्षाला किती तास ते आधी ठरवा, त्याच्या वर गेलं की प्लांटचा लोड उतरवायचा. बॉयलर उतरवणं मला माहितीये, अवघड नाही, आदेश असला की दोन शिफ्टमध्ये होतं. अमाइनचं खराब झालेलं द्रावण कुठे जाणार तेही त्यातच लिहा, ते जर आमच्या नाल्यात येणार असेल तर वाशिष्ठीला आणखी एक केमिकल, बाकी काही नाही.

जनसुनावणी मराठीत घ्या, रिपोर्ट मराठीत द्या, महिनाभर आधी द्या. बारसूला २०२३ च्या एप्रिलमध्ये माती तपासायला पोलीस घेऊन आले, बायाबापड्या सड्यावर उन्हात झोपल्या होत्या, ते आम्ही विसरलेलो नाही. तेच परत करून कुठलंही नवीन तंत्रज्ञान इथे रुजणार नाही, ते कितीही चांगलं असलं तरी, आणि मला ते वाईट वाटेल कारण डोलवीसारख्या ठिकाणी हे खरंच व्हायला पाहिजे. २०७० पर्यंत नेट झिरो म्हणून देशाने २०२१ मध्ये ग्लासगोत शब्द दिलाय, चिपळूणचा २०२१ चा पूर आम्ही छपरावर बसून बघितलाय, हवामान बदलतंय हे आम्हाला कोणी समजवायची गरज नाही.

आमदारांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकावा, की राज्यात कार्बन कॅप्चरचे किती प्रस्ताव आलेत, त्यातले कोकणातले कुठले, समुद्राखाली साठवायचे कुठले, आणि त्यांच्या परवानगीत कॅप्चर बंद पडल्यावर प्लांटचं काय करायचं हे लिहिलंय का. खासदारांनी हाच प्रश्न लोकसभेत पेट्रोलियम आणि पर्यावरण या दोन्ही मंत्रालयांना विचारावा, आणि मुंबई हायच्या बंद विहिरींची यादी मागावी. जे उत्तर येईल ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला पाठवा, आम्ही वाचून घेऊ आणि पुढचं पत्र त्या उत्तरावर लिहू.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर